चार नंबरचा पडदा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला तर नाहीच. बायको आता नाही, ती न ऐकताच गेली. सांगायची वेळ आली नव्हती असं म्हणू का? वेळ तर रोज येत होती. संध्याकाळी तळेगावच्या आमच्या गॅलरीत दोघं बसलेलो असायचो आणि ती मधूनच विचारायची, "रघूभाऊजी हल्ली येत नाहीत ते?" मी म्हणायचो, "गुंतला असेल शेतीत." आणि पेपर उघडायचो. सकाळीच वाचून झालेला पेपर.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो तर तसं काही नाही. हात सारखा दुसरीकडेच वळतोय — जे सांगायचं त्याच्याकडे नाही, रघूच्या गमतींकडे. तर आधी तेच सांगतो. ते सांगताना मला बरं वाटतं, हेही लपवत नाही.

रघू म्हणजे रघुनाथ. भाजे गावचा. घरची भातशेती, शेतकीचा डिप्लोमा केलेला. पवना धरणाच्या अंगाला एका मालकांची गुलाबाची पॉलिहाउसं होती — पांढऱ्या प्लॅस्टिकची लांबच लांब घरं, आत गुलाबाच्या ओळी — तिथला झाडांचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. मी तिथे प्रोग्रॅम लिहायला गेलो. देहूरोडच्या डेपोतली नोकरी मुदतीआधी सोडली होती, कॉम्प्युटर हौसेने शिकलो होतो, आणि पाणी, खत, पडदे हे सगळं कॉम्प्युटरवरून चालवायचं मालकांच्या मनात आलं होतं.

पहिल्याच दिवशी रघू माझ्या वायरींच्या ढिगाऱ्याजवळ उभा राहिला. कमरेवर हात. "आलं का आमचं पंडित? आता गुलाबाला तहान लागली का ह्ये मशीन सांगणार व्हय?"

"हो."

"आन मशीनला तहान लागली तर?"

"तर मी आहे ना."

"मंग झालं. तुमा दोघांला पाणी मीच पाजतो." आणि खरंच स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. तेव्हापासून मी पंडित. दुसऱ्या कुणी मला या नावाने हाक मारलेली नाही, आणि आता कुणी मारतही नाही.

दुपारी आम्ही बांधावर डबे उघडायचो. समोर तिकोना, त्याच्यामागे तुंगाचं टोक. तो माझी पोळी उजेडात धरून म्हणायचा, "ह्यातनं किल्ला दिसतोय रं!" आणि मग निम्मी स्वतःच खायचा. मला त्याच्या घरची भाकरी द्यायचा. दांडा वाकडा निघालेली फुलं विकायला चालत नसत. ती जुन्या पेपरात गुंडाळून माझ्या पिशवीत घालायचा, "वहिनीस्नी दे. तू आनलीस म्हनून सांग, माझं नाव नगं सांगू." मी नाव सांगायचोच. बायको हसायची. आमच्या घरात तेव्हा नेहमी गुलाब असायचे, वाकड्या मानेचे.

संध्याकाळी तो मला मोटारसायकलवरून कामशेत स्टेशनाला सोडायचा. स्टेशनाबाहेर चहा. तिथला चहा न सांगता गोडच यायचा, तरी रघू दर वेळी सांगायचा, "साखर घालून हां." चहावाला वैतागायचा — "अवो, साखरेचाच असतोय!" रघू म्हणायचा, "असू दे की. उद्या तुझ्या डोक्यात आलं, बिनसाखरेचा द्यायचा, तर? मला साखर पायजे ह्ये म्या सांगितलेलं बरं. तुझ्या डोक्याचा काय भरवसा." आम्ही हसायचो. मीही हसायचो. मला वाटायचं, ही त्याची चेष्टा आहे. तो स्वभाव होता. स्वतःला काय हवं ते त्याने ठरवलेलं असायचं, आणि ठरवलेलं तो बोलून दाखवायचा. दुसऱ्याने गृहीत धरलेलं तेच असलं, तरी.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल. कंटाळू नका, यावरच सगळं उभं आहे.

माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीची एक किंमत मी ठरवून ठेवलेली होती. कुणी काही सांगितलं नाही तर तीच चालायची. तिला डिफॉल्ट म्हणतात. शिवाय प्रत्येक पॉलिहाउसची एक फाईल होती. त्या घराला जे जे हवं ते त्या फाईलमध्ये लिहायचं. लिहिलं की प्रोग्रॅम लिहिलेलं मानायचा, न लिहिलं तर डिफॉल्ट. साधी गोष्ट. बाजूचे पडदे रात्री किती उघडे ठेवायचे, त्याचं माझं डिफॉल्ट होतं दहा — म्हणजे पडद्याचा दहावा भाग उघडा. वीतभर फट. तेवढ्यातून आतली दमट हवा बाहेर जाते.

रघूने फाईली लिहायला शिकून घेतलं होतं. एकदा पाहिलं, तर चार नंबरच्या फाईलमध्ये त्याने रात्रीच्या पडद्यापुढे दहा लिहिलेलं. मी म्हणालो, "अरे, दहा तर आहेच. न लिहिताही दहाच राहील."

"हाय ते तू ठरवलेलं," तो म्हणाला. "चार नंबरचं म्या ठरवलं."

चार नंबरचं घर खळग्यात होतं. थंडीत तिथे धुकं येऊन बसायचं ते ऊन चढेपर्यंत उठायचं नाही. बाकीच्या घरांचं काही करा, हे घर रात्री बंद करायचं नाही, हे त्याने झाडांत फिरून ठरवलं होतं. माझं दहा आणि त्याचं दहा दिसायला सारखंच. पडदे सारखेच उघडे, फट सारखीच. पण एक फट होती, कारण कुणी काही बोललंच नव्हतं. दुसरी होती, कारण एका माणसाने विचार करून ती मागितली होती. वाऱ्याला हा फरक कळायचं कारण नाही. मला कळायला हवा होता. माझं कामच ते होतं.

माझ्या हाताला आवराआवरीची खोड आहे. फाईली लांबत चालल्या होत्या, वाचायला त्रास व्हायचा. तेव्हा मी प्रोग्रॅमला शिकवलं — फाईल साठवताना जी किंमत डिफॉल्टएवढीच आहे ती ओळ काढून टाक. जे न लिहिताही तसंच राहणार, ते लिहायचं कशाला? फाईली चार-पाच ओळींवर आल्या. किती सुरेख दिसत होत्या! मालकांना मी कौतुकाने दाखवल्या. त्या आवराआवरीत रघूचं दहा गेलं. माझ्या लक्षातही आलं नाही. आलं असतं तरी मी म्हणालो असतो, काय बिघडलं? पडदा आहे तसाच आहे.

आणि खरंच, तेव्हा काही बिघडलं नाही. पडदा उघडाच राहत होता.

मग थंडी आली. माळावरची घरं रात्री फार गार पडायला लागली. मालक म्हणाले, रात्री पडदे पूर्ण बंद ठेवू. सगळ्या घरांसाठी एकदम बदलायचं म्हणजे सोपा मार्ग होता — डिफॉल्टच बदलायचं. दहाचं शून्य. रघू समोर होता. तो म्हणाला, "करा. पन चार नंबर उघडंच राह्यलं पायजे."

मी म्हणालो, "तू लिहिलेलं आहेस ना? मग लिहिलेलं राहतं. न लिहिलेलं तेवढंच बदलेल."

"नक्की?"

"अरे, प्रोग्रॅम माझा आहे."

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. रघूने मान डोलावली आणि निघाला, कारण त्याच्या मुलीचं लग्न होतं. भाज्याला मांडव पडला होता, त्याने रजा घेतली होती. जाता जाता म्हणाला, "लग्नाला येताना रिकाम्या हातानं ये, फुलं मी देतो." मी डिफॉल्ट बदललं. लग्नाला गेलो. पंगतीत त्याने माझ्या पानात पुन्हा पुन्हा जिलेबी वाढली. तिकडे चार नंबरचा पडदा रोज अंधार पडला की खाली येत होता, जमिनीला टेकत होता. दिवस उजाडला की उघडायचा, आत जाणाऱ्या माणसांना तो उघडाच दिसायचा. पानं ओली दिसायची, पण थंडीत पानं ओली असतातच, असं त्यांना वाटलं. ज्याला तसं वाटलं नसतं, तो मांडवात होता.

डाऊनी म्हणून बुरशीचा एक रोग आहे. दमट गारव्यात येतो. पानांवर जांभळट डाग पडतात, मग हात लावला की पान गळतं. रघू परत आला आणि चार नंबरमध्ये शिरला, तेव्हा ओळींच्या मधली वाट पानांनी भरलेली होती. फेब्रुवारीसाठी झाडं तयार केलेली — वर्षातलं सगळ्यात मोठं पीक ते. उघड्या काड्या उभ्या होत्या आणि टोकाला काळपट कळ्या. तो आत एकटाच उभा होता. मी दारातून पाहिलं. आत गेलो नाही.

तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की मालकांनी अचानक विचारलं, मी गोंधळलो, तोंडातून काहीतरी निघून गेलं. तसं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं झालं नाही. चार नंबरचा पडदा रात्री बंद होत होता हे ऐकल्याबरोबर मी जाऊन कॉम्प्युटर उघडला होता. चार नंबरची फाईल पाहिली. दहाची ओळ नव्हती. ती का नाही, हे समजायला मला एक क्षणही लागला नाही — माझ्याच हातची आवराआवर. मी खुर्चीत बसून राहिलो. मालक यायला बराच वेळ होता. त्या वेळात मी उठून रघूकडे जाऊ शकत होतो. पॉलिहाउस हाकेच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही. मी काय विचार करत होतो? मालकांनी हा प्रोग्रॅम दुसऱ्या बागांना द्यायचं ठरवलं होतं, माझ्या नावासकट. तो विचार होता. आणि दुसरा — कुणाला काही कळणार नाही, हा. दोन्ही विचार अगदी शांतपणे आले.

मालक आले. फाईल उघडली. म्हणाले, "रघुनाथ, इथे तर काहीच लिहिलेलं नाही."

"लिवलं व्हतं सायेब. म्या स्वता लिवलं व्हतं." तो माझ्याकडे वळला. घाबरलेला नव्हता. माझ्याकडे वळताना त्याच्या चेहऱ्यावर सुटकाच होती — आता पंडित सांगेल. "सांग की रं पंडित. तुला दावलं व्हतं न्हवं?"

मी म्हणालो, "बोलला होतास तू. पण फाईलमध्ये नाही म्हणजे लिहायचं राहून गेलं असेल."

झालं. एवढंच.

तो भांडला असता तर? मला शिव्या घातल्या असत्या तर? मी रात्रंदिवस तेच मनात घोळवलंय. तो भांडला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्याची नजर आत कुठेतरी वळली, आठवणीत हात घालून काहीतरी शोधत असल्यासारखी. आणि म्हणाला, "असंल. लग्नाची गडबड व्हती... राह्यलं असंल."

मालकांवर त्याने विश्वास ठेवला नसता. कॉम्प्युटरवर तर नाहीच. त्याने माझ्यावर ठेवला — आणि त्यासाठी स्वतःवरचा काढून घेतला.

एक गोष्ट आणखी सांगायची आहे, ती मला सगळ्यात जास्त टोचते. त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. माणसाने मुद्दाम लिहिलेलं असेल ते डिफॉल्टएवढंच असलं तरी पुसायचं नाही, जपायचं, अशी सोय केली. ती पुढे दुसऱ्या बागांमध्ये गेली, लोकांनी वाखाणली. म्हणजे चूक मला नीट समजली होती. इतकी नीट की इतरांच्या झाडांना तिचा त्रास होऊ नये याची मी काळजी घेतली. फक्त रघूला सांगितलं नाही.

मालकांनी त्याला काढलं नाही. तो हंगाम संपल्यावर तोच म्हणाला, "माझ्या ध्यानाचा भरवसा न्हाई सायेब, दुसरा मानूस बघा." आणि भाज्याला परत गेला. भात लावायचा. पुढे लेणी बघायला शनिवार-रविवारी लोक येऊ लागले, तेव्हा त्याच्या बायकोने, कमलवहिनींनी, अंगणात जेवण द्यायला सुरुवात केली — पिठलं, भाकरी, ठेचा. रघू पाणी द्यायचा, पानं वाढायचा. कुणी काय मागितलं ते मात्र वहिनींनीच ऐकायचं, असा त्याचा नियम. "मला नगं सांगू, मी इसरतो." फाटकाची कडी लावून दहा पावलं गेला की परत येऊन बघायचा. गावातली पोरं विचारायची, "आबा, कडी लागली का?" तोही हसायचा. आणि परत बघायचा.

मी सुरुवातीला जात असे. एकदा अंगणात पुण्याची काही मंडळी जेवत होती. गप्पांत कुणीतरी विचारलं, पूर्वी काय करायचात. रघूने तो किस्सा सांगितला, अगदी रंगवून. "एक आकडा लिवायचा इसरलो न मालकाची फुलं घालवली बगा! ह्ये आमचं पंडित साक्षीला हाय, इचारा." सगळे हसले, माझ्याकडे वळले.

मीही हसलो. मान डोलावली.

त्यानंतर मी जाणं कमी केलं, मग बंद केलं. फोन यायचा, "काय पंडित, मेला का जिता?" मी म्हणायचो, येतो पुढच्या रविवारी. हळूहळू फोनही थांबले. तळेगावहून मळवली म्हणजे लोकलची चार स्टेशनं. इतक्या जवळ राहून एखाद्या माणसाची आठवण यावी — कशी यावी? रोज येते. रस्त्यात काही विचित्र दिसलं की वाटतं, हे रघूला सांगायला हवं. हसायला येतं, मग कळतं की सांगायला कुणी नाही. लोकलने लोणावळ्याला जायची वेळ येते तेव्हा मळवलीला मी खिडकीकडे पाठ करून बसतो. बायको आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी मी बाजारातून गुलाब आणून ठेवले. सरळ दांड्याचे, प्लॅस्टिकमध्ये बांधलेले. ती म्हणाली, "हे रघूभाऊजींचे नाहीत." ती गेल्यावर रघू भेटायला आला होता, दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तेव्हाही मी बोललो नाही. दुःखाच्या आड लपलो. लपायला ती जागाही मी सोडली नाही.

त्या पॉलिहाउसांच्या जागी आता बंगले आहेत. मालक गेले, कॉम्प्युटर भंगारात गेला. रघूने लिहिलं होतं हे जाणणारं जगात कुणी उरलं नाही. मी सोडून.

गेल्या महिन्यात लोणावळ्याला डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर कमलवहिनी भेटल्या. मी विचारलं, रघूला बरं नाही का? त्या म्हणाल्या, "त्यांस्नीच दाखवलंय, आज कागद न्यायला आले. डाक्टर म्हनतात डोकं ठनठनीत हाय, काय झालं न्हाई. पन त्यांच्या मनातनं जात न्हाई भाऊजी." मग सांगितलं. मुलगा-सून दोघं लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला जातात, पहाटेच निघतात. नात ओवी यंदा बालवाडीत जाते. तिला शाळेत सोडायचं तर रघू एकटा तिला घेऊन जात नाही. शेजारणीला गळ घालतात. पोर त्याचं बोट धरून ओढते, "आबा, तू चल." तो हात सोडवून घेतो. म्हणतो, "माझा भरवसा न्हाई बाळा. मी तुला कुटं तरी इसरून यीन." 

"रडतात वो मागनं," वहिनी म्हणाल्या. "त्या गुलाबाच्या येळंपासनं ह्ये धरलंय त्येंनी मनात."

मी म्हणालो, माझी गाडी आहे. कुठलीही गाडी नव्हती.

तर हे असं आहे. चार नंबरच्या फाईलमध्ये दहा लिहिलेलं होतं. ते रघुनाथने लिहिलं होतं, विचार करून, आठवणीने. ते मी पुसलं. मला ते त्याच दिवशी कळलं, आणि विचारल्यावर मी खोटं बोललो. नंतर हसून साक्षही दिली.

*

इथवर लिहिलं आणि कागद तसेच ठेवले. विचार होता की कुठेतरी छापून येईल, कुणीतरी रघूला वाचून दाखवेल. मग कळलं की हाही पळण्याचाच प्रकार आहे. परवा सकाळी लोकलने मळवलीला उतरलो आणि चालत भाज्याला गेलो.

रघू अंगणात खाटेवर बसून पावटे सोलत होता. मान वर करून म्हणाला, "आरं! पंडित? वाट चुकला का काय?" खाटेवर सरकून जागा केली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा इकडचं तिकडचं बोलत राहिलो असतो. उभ्यानेच सांगितलं. लिहिलं होतं त्याहूनही थोडक्यात. शब्द सगळे बाहेर आले.

त्याच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली. मग खाली बघतच त्याने विचारलं, "दहाच लिवलं व्हतं ना?"

"दहाच."

"मंग मी इसरलो न्हवतो."

हे तो मला म्हणाला नाही. पुन्हा एकदा म्हणाला, हळू. मग घराकडे वळून मोठ्याने — "कमल! ये कमल! ऐकलंस का? मी इसरलो न्हवतो!"

वहिनी हात पुसत दारात आल्या. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "भाऊजी, येवढी वर्सं?" एवढंच म्हणाल्या.

रघू उठला. पावट्याचं सूप बाजूला ठेवलं, अंगावरची सालं झटकली. "ओवीचं दप्तर कुटंय?" वहिनी म्हणाल्या, "शेजारची यील आता न्यायाला." तो म्हणाला, "तिला सांग, नगं येऊ." चपला घातल्या. आतून ओवी धावत आली, गणवेशाचं एक बटण उघडं. तिच्यापुढे वाकून त्याने ते लावलं.

"आबा, तू येनार?" तिने विचारलं.

"व्हय. चल बिगीबिगी, उशीर व्हतोय."

तिने त्याचं बोट धरलं. त्याने तिचा सगळा हात मुठीत घेतला. दोघं माझ्यासमोरून गेली. तो थांबला नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. फाटक ओढून कडी लावली आणि चालू लागला. परत आला नाही.

मळवली स्टेशनाला तोच रस्ता जातो. मला त्यांच्या मागून चालायचं नव्हतं. वहिनी आत गेल्या, मी फाटकाशी उभा राहिलो. वळणावरून ती दोघं दिसेनाशी झाल्यावर निघालो.